पॅसेजमध्ये हालचाल

१

अडगळीच्या खोलीतला कॉम्प्युटर इतका आवाज करायचा की आईला सांभाळणाऱ्या मावशींनी त्याचं नाव विमान ठेवलं होतं. "दादा, तुमचं विमान उडायला लागलंय बघा," असं त्या फोनवर सांगायच्या, आणि ऑफिसात बसलेल्या धाकट्याचं डोकं फिरायचं.

धाकटा म्हणजे घरातला धाकटा मुलगा. केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, बायको कंटाळून माहेरी गेली ती परत आली नाही, तरी घरात तो धाकटाच राहिला. एका मोठ्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात होते. कुणाचं मशीन अडलं की लोक त्याच्याकडे धावत यायचे. तो दोन बटणं दाबायचा, एक सुस्कारा सोडायचा आणि समोरच्याला मूर्ख ठरवून परत पाठवायचा. अशा माणसाच्या स्वतःच्या घरातलं मशीन धापा टाकत होतं. ही गोष्ट त्याला आईच्या मोडलेल्या खुब्यापेक्षा जास्त टोचत होती, असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाईट वाटेल. पण होतं ते तसंच.

आई पडली तेव्हापासून आतल्या खोलीत पलंगावर होती. कूस बदलायची तरी मावशींचा हात लागायचा. मावशी सकाळी यायच्या आणि धाकटा ऑफिसातून आला की जायच्या. मधल्या वेळात लक्ष राहावं म्हणून धाकट्याने चार कॅमेरे लावले: फाटकावर एक, हॉलमध्ये एक, हॉलपासून आईच्या खोलीपर्यंत जाणाऱ्या लांब पॅसेजमध्ये एक, आणि एक आईच्या पलंगासमोर. चारही त्या जुन्या कॉम्प्युटरला जोडले, त्यात पहाऱ्याचं सॉफ्टवेअर घातलं, आणि नातेवाइकांना सांगितलं की आता डोळ्यांत तेल घालून आईकडे बघणारं कोणीतरी घरात आहे. नातेवाइकांनी कौतुक केलं. आईच्या पायाशी घटकाभर बसायचं काम तेवढं त्यातून सुटलं.

पण प्रोसेसरवरचा लोड काही शंभर टक्क्यांच्या खाली येईना. चार कॅमेऱ्यांची मोठी चित्रं सेकंदाला पंचवीस या वेगाने येत होती. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र उलगडायचं, आधीच्या चित्राशी ताडून बघायचं आणि पुन्हा घडी घालून डिस्कवर ठेवायचं. मशीन तापायचं, अडखळायचं, आणि धाकट्याच्या फोनवर आईचं चित्र तोंड अर्धवट उघडं असतानाच गोठून जायचं.

एका रविवारी धाकट्याने बाह्या सरसावल्या. हालचाल शोधायला कॅमेऱ्याकडून लहान चित्र घ्यायचं, मोठं नुसतं साठवायचं. साठवतानाही पुन्हा घडी घालायची नाही, आलं तसं ठेवायचं. उलगडायचं काम प्रोसेसरकडून काढून ग्राफिक्सच्या चिपला दिलं. अडगळीच्या खोलीतला स्क्रीन कुणी बघत नसताना चोवीस तास चार चित्रं दाखवत बसला होता, तो बंद केला. लोड भराभरा उतरला. राहता राहिला पॅसेज.

त्या पॅसेजमध्ये असतं काय दिवसभर? मावशी जातात, मावशी येतात. खिडकी नाही, दिवसासुद्धा ट्यूबलाइट लावावी लागते. त्या रिकाम्या बोळासाठी सेकंदाला पंचवीस वेळा ताडाताडी कशाला? धाकट्याने तिथला वेग अगदी तळाला नेला. रेकॉर्डिंग चालू राहील, पण तुलना दर काही मिनिटांनी एकदा. आकडा घसरत गेला, विमानाचा पंखा मंदावला आणि गप्प झाला.

घरात इतकी शांतता झाली की स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय हे पहिल्यांदा कळलं. धाकटा खुशीत आईच्या खोलीत गेला.

"बघ, केलं की नाही गप्प?"

आई छताकडे बघत होती. "कशाला केलंस," ती म्हणाली. "तो आवाज होता ते बरं होतं. आता ऐकू येतंय."

"काय ऐकू येतंय?"

तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि मान दाराकडे वळवली. धाकट्याला वाटलं, म्हातारं माणूस, कशाचं कौतुक करायचं हेही कळेनासं झालंय.

२

पहिला अलर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी आला. जेवणानंतरचं ऑफिस पेंगत होतं. फोनवर ओळ उमटली: पॅसेजमध्ये हालचाल.

धाकट्याने चित्र उघडलं. पॅसेज रिकामा होता. हॉलच्या टोकाला चपलांचं कपाट, दुसऱ्या टोकाला आईच्या खोलीचं दार, मध्ये फरशी. कपाटाजवळ सॉफ्टवेअरने एक हिरवी चौकट आखली होती, जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत. चौकटीत नुसती भिंत होती.

थोड्या वेळाने पुन्हा तेच. चौकट तीच, तसूभर पुढे.

सॉफ्टवेअरला माणूस कळत नाही, मांजर कळत नाही. त्याला फक्त फरक कळतो. आधीच्या चित्रात होतं ते आताच्या चित्रात नसलं, की ते तिथे चौकट आखतं. धाकट्याला हे पाठ होतं, म्हणून तो निवांत होता. ऊन असणार, त्याने ठरवलं. ऊन सरकतं ते डोळ्याला दिसत नाही, पण थोड्या वेळाने बघावं तर पुढे गेलेलं असतं. हे ठरवून तो कामाला लागला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की पॅसेजला खिडकीच नाही.

मग ट्यूब फडफडत असणार. संध्याकाळी त्याने ट्यूब बदलली. दुसऱ्या दिवशी अलर्ट आले ते आलेच. हट्टाला पेटून त्याने जुना वेग परत लावला, सेकंदाला पंचवीस. विमान उडालं, रिकाम्या पॅसेजचे अलर्ट बंद झाले. वेग तळाला नेला, विमान गप्प, अलर्ट सुरू. चार-पाच वेळा करून बघितलं तरी तेच.

म्हणजे तिथे जे काही होतं ते इतकं हळू होतं की एका चित्रातून दुसऱ्या चित्रात त्याचा फरकच पडत नव्हता. घड्याळाचा तासकाटा हलताना कुणी पाहिलाय? पण जेवून उठलं की तो पुढे गेलेला असतो.

हा विचार त्याच्या मनात आला तेव्हा तो कँटीनमध्ये चहा पीत होता. त्याने तो चहाबरोबर गिळून टाकला.

३

इथे नानांबद्दल सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. नाना म्हणजे धाकट्याचे वडील. बाहेर देवमाणूस. घरात त्यांच्या सपाता वाजल्या की थोरली मुलगी, ताई, पुस्तकात डोकं खुपसायची, धाकटा रेडिओ मोठा करायचा, आणि आई हातातलं काम ठेवून उभी राहायची. कशावरून हात उठेल याचा नेम नसायचा. पाणी कोमट दिलं म्हणून, पाणी गार दिलं म्हणून. मग आतल्या खोलीचं दार लागायचं. ते लागताना आई एकदा धाकट्याकडे बघायची. रेडिओवर बातम्या, हवामान, शेतीचा सल्ला, जे लागेल ते. धाकट्याला त्या वयात जगातल्या सगळ्या घडामोडी तोंडपाठ होत्या.

म्हातारपणी नानांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं, राग तेवढा धडधाकट राहिला. डावा पंजा भिंतीला लावून, एक सपात फरफटवत आणि दुसरी आपटत ते चालायचे. फरर्र, टप. फरर्र, टप. हॉलमधून आईच्या खोलीपर्यंत पोचायला त्यांना युगं लागायची. आणि आईला आयुष्यात पहिल्यांदा सवड मिळाली. फरर्र ऐकू आलं की ती उठायची. धावायची नाही, घाईसुद्धा करायची नाही. नाना खोलीत पोचेपर्यंत ती स्वयंपाकघरात. ते स्वयंपाकघराकडे वळेपर्यंत ती मागच्या अंगणात, दोरीवरचे कपडे काढत. दिवसभर हेच.

"अगं, सकाळपासून माझ्या मागे आहेत," ती एकदा फोनवर ताईला म्हणाली, "पण मी काही हाती लागत नाही." आणि खुदकन हसली. आईचं असं हसणं ताईने त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर ताई रडली होती.

नाना गेले ते चपलांच्या कपाटापाशी. तिच्याकडेच यायला निघाले होते. सापडले तेव्हा भिंतीला टेकून बसल्यासारखे होते, पंजा भिंतीवर आणि तोंड पॅसेजकडे. हाताच्या उंचीवर भिंतभर मळकट पट्टा पडला होता, म्हणून धाकट्याने नंतर पॅसेजला नवा रंग लावून घेतला. त्यानंतर आई पडली, आणि तिचं उठणं संपलं.

४

नव्या रंगावर पट्टा दिसला तो मावशींना.

"दादा, पुसते तरी परत येतोय," त्या म्हणाल्या. "आधी कपाटापाशी होता, आता पार मध्यावर आलाय. तुम्ही हात लावत जाता का भिंतीला?"

"तुमचेच हात असतील, मावशी. तेलाचे."

मावशींनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि फडकं उचललं.

त्या संध्याकाळी आईने त्याला जवळ बोलावलं. खोलीत औषधांचा आणि धुतलेल्या चादरींचा वास होता. पलंगाच्या पलीकडे अंगणात उघडणारं दार होतं. त्या दाराकडे ती दिवसभर बघत असायची.

"धाकट्या, तुझ्या त्या कॅमेऱ्यात दिसत असेल ना? कुठवर आलेत?"

"कोण?"

"हे."

धाकट्याने चष्मा काढून पुसला. "आई, नाना गेले."

"गेलेत ते मला ठाऊक आहे. मीच होते घरात," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता, दूधवाला आला का असं विचारावं तसा. "मी विचारतेय, कुठवर आलेत. तुझं यंत्र थांबलं तेव्हापासून आवाज येतोय, पण माझे कान आता काय कामाचे? लांब की जवळ, समजत नाही."

"पॅसेज रिकामा आहे. मी रोज बघतो."

"बघतोस ना? मग झालं तर." तिने त्याचं मनगट धरलं. तिच्या पकडीत अजून बरंच बळ होतं. "दुसरं काही मागत नाही मी तुझ्याकडे. दारापाशी आले की सांग तेवढं. आधी कळलं की माझी मी बघते काय करायचं ते. आजवर मीच बघितलंय."

पांघरुणाखाली तिचा पाय ठेवल्या जागी निपचित होता.

"सांगशील?"

"सांगेन."

"शब्द दे."

"दिला," धाकटा म्हणाला. शब्द द्यायला त्याचं काय जात होतं?

५

रेकॉर्डिंग त्याने ऑफिसातच बघितलं, दरवाजा लोटून घेऊन. चौकटींना काही अर्थ नाही हे एकदाचं सिद्ध करून टाकायचं होतं.

मावशी दुधाचा पेला घेऊन हॉलमधून येतात. सरळ चालत येतात. पॅसेजच्या मध्यावर आल्या की अंग तिरकं करतात, पेला छातीशी घेतात, पाठ भिंतीला घासून दोन पावलं आडव्या टाकतात आणि पुन्हा सरळ होऊन आईच्या खोलीत जातात. गर्दीच्या बोळात समोरच्याला वाट देताना करावं, अगदी तसं. चेहऱ्यावर काही नाही. परत येताना पुन्हा तिथेच तिरक्या.

त्याने आदल्या दिवसाचं लावलं. मावशी तशाच तिरक्या होत होत्या, पण थोड्या अलीकडे, हॉलच्या बाजूला. त्याच्या आदल्या दिवशी आणखी अलीकडे. आठवड्यापूर्वी कपाटाला लागून.

धाकट्याने फोन लावला. "मावशी, तुम्ही पॅसेजमधून जाताना अशा आडव्या का होता?"

"मी? कधी?"

"आज. पेला घेऊन जाताना."

"काहीतरीच काय दादा. सरळ तर जाते मी."

खोटं बोलत नव्हत्या त्या. धाकट्याने फोन ठेवला. कमरेत उसण भरली असेल. फरशी ओली असेल. माणसाला सवयी लागतात. मग त्याचं बोट आपोआप पुढे सरकलं आणि कालची संध्याकाळ पडद्यावर आली. चष्मेवाला, खांदे पडलेला एक माणूस ऑफिसची बॅग घेऊन पॅसेजमध्ये शिरला. मध्यावर आला. बॅग पोटाशी धरली, पाठ भिंतीला लावली, मान खाली घातली आणि कुणाच्या तरी समोरून चोरट्यासारखा सरकत पुढे गेला.

त्याला यातलं काही आठवत नव्हतं. फक्त ती मान कशी खाली गेली ते ओळखीचं होतं. लहानपणी नाना समोरून आले की ती तशीच खाली जायची.

त्याने ताईला फोन केला. ताई लग्न करून दूर गेली होती, इतकी दूर की मुद्दामच गेली असावी. त्याने सगळं तांत्रिक भाषेत सांगायला घेतलं, लोड, वेग, फरक, चौकटी. ताईने मध्येच तोडलं.

"आईला त्या खोलीतून काढ. आजच्या आज."

"अगं, ऐकून तरी घे. ट्यूबमुळे कधी कधी..."

"मला ट्यूब सांगू नकोस."

"नेऊ कुठे? डॉक्टर म्हणतात हलवायचं नाही. तो पलंग दारातून निघत नाही."

"चादरीत घालून ने. शेजाऱ्यांना हाक मार, चार माणसं लागतील. मी निघतेच आहे, पण मला पोचायला परवा उजाडेल."

"तू उगाच एवढी..."

"तू रेडिओ मोठा करायचास, धाकट्या," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्याला जास्त लागलं. "मी पुस्तक तोंडासमोर धरायचे. मला काही तुझ्यापेक्षा कमी लाज नाही. पण मी आता उठलेय. तूही ऊठ."

धाकट्याने फोन कापला. चार माणसांना काय सांगायचं? की आमचे नाना पॅसेजच्या मध्यापर्यंत आलेत? लोक तोंडावर हसले असते. आणि जिला कॉम्प्युटरमधलं ओ का ठो कळत नाही, अशा बाईने त्याला अक्कल शिकवावी?

६

अलर्ट मात्र थांबेनात. मीटिंगमध्ये फोन थरथरायचा आणि सगळे त्याच्याकडे बघायचे. ओळ वाचली की तो फोन पालथा ठेवायचा, आणि ठेवावा लागतो याचाच त्याला संताप यायचा.

सॉफ्टवेअरमध्ये यावर सोपा उपाय होता, आणि लोड कमी करायला निघालेल्या कुणालाही तो पहिल्या दिवशी सुचला असता. चित्राचा जो भाग नको असेल त्यावर बोट फिरवून झाकण घालायचं. ज्या झाडाची फांदी दिवसभर हलते तिच्यावर घालतात, रस्त्यावर घालतात. झाकलेल्या भागात काहीही होवो, सॉफ्टवेअर तिकडे बघत नाही. साधं झाकण नुसतं दुर्लक्ष करतं. दुसऱ्या प्रकारचं झाकण तो भाग चित्रातूनच काळा करतं, तिथलं काही उलगडायचीच गरज उरत नाही, आणि लोड आणखी उतरतो. धाकट्याने दुसऱ्या प्रकारचं घेतलं.

पॅसेजच्या मध्यावर काळा पट्टा आला. अलर्ट बंद. त्याला मोकळं मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्याच्या पुढच्या कडेला हिरवी चौकट उगवली. त्याने पट्टा पुढे ओढला. दुपारपर्यंत चौकट पुन्हा कडेबाहेर, आता पूर्वीपेक्षा भराभर. पुन्हा ओढला. असं करता करता पॅसेजचं आईच्या दाराकडचं टोकही काळं झालं, आणि तो कॅमेरा आता कपाट आणि थोडी फरशी सोडून काहीच दाखवत नव्हता. लोडचा आकडा इतका खाली आला होता की ऑफिसातल्या नव्या मशीननेही मान खाली घालावी. धाकट्याने पडद्याचं चित्र काढून ठेवलं. दाखवायला त्याच्याकडे कुणी नव्हतं, पण काढून ठेवलं.

संध्याकाळी आईने विचारलं, "कुठवर?"

"कुठेच नाही. झोप तू."

"ताईचा फोन आला होता मावशींच्या फोनवर. म्हणाली, उद्या सकाळी पोचते." आईने मान त्याच्याकडे वळवली. "पोचेल ना रे?"

"पोचेल की."

"हेही पोचतील," आई म्हणाली. "तू लक्ष ठेव म्हणजे झालं. शब्द दिलायस."

खोलीबाहेर पडताना धाकट्याने आपली पावलं मुद्दाम बघितली. उंबरठ्यावरच त्याचं अंग तिरकं झालं. त्याने ते सरळ करायचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमलं नाही. हॉलमध्ये येऊन त्याने टीव्ही लावला. आवाज बराच मोठा होता.

सकाळी ताई आली नाही. तिची गाडी कुठेतरी अडकली होती, दुपार होईल असं तिने कळवलं. धाकट्याला घरी थांबता आलं असतं. तो ऑफिसला गेला. जायच्या आधी त्याने आईच्या खोलीतल्या कॅमेऱ्यावरही एक झाकण घातलं, फक्त दाराच्या कोपऱ्यावर. मावशी ये-जा करतात, उगाच रेकॉर्डिंग वाढतं, असं कारण त्याने स्वतःला दिलं.

७

दुपारी मावशींचा फोन आला. औषध संपलं, दुकानात जाऊन येते, आजी डोळे मिटून पडल्यात.

"जा," धाकटा म्हणाला. समोर मीटिंग चालू होती, कुणीतरी नव्या जागेचा नकाशा भिंतीवर दाखवत होतं. त्याने फोन टेबलाखाली मांडीवर घेतला, कानात इअरफोनची एक तार खोचली आणि आईची खोली उघडली. अलर्ट आला नव्हता. अलर्ट यायला त्याने जागाच ठेवली नव्हती.

आईचे डोळे मिटलेले नव्हते. ती उशीवरून मान उचलून दाराकडे बघत होती. चित्रात दार दिसत नव्हतं. तिथे काळा चौकोन होता, गुळगुळीत, कडा सरळ. कानात खोलीचा आवाज येत होता.

फरर्र.

आणि बऱ्याच वेळाने, टप.

आईने मान वळवली आणि थेट कॅमेऱ्याकडे बघितलं. "धाकट्या," ती म्हणाली, "आले का रे?"

बोलायचं बटण त्याच्या अंगठ्याखाली होतं. कॅमेऱ्यातून त्याचा आवाज तिच्या खोलीत पोचला असता. खरं सांगितलं तरी ती करणार काय होती? पाय तर उचलवत नाही. घाबरून जीव मात्र जाईल. तिच्या भल्यासाठीच, असं धाकट्याने मनात म्हटलं. तो मीटिंगमधून उठला, बाहेरच्या जिन्यात आला आणि बटण दाबलं.

"नाही, आई. कोणी नाही. पड तू."

आई कॅमेऱ्याकडे बघत राहिली. आतल्या खोलीचं दार लागताना ती त्याच्याकडे बघायची तसंच बघितलं तिने, आणि मग मान फिरवली. त्यानंतर तिने त्याला काही विचारलं नाही. दोन्ही हातांनी आपला पाय धरला आणि पलंगाच्या दुसऱ्या कडेकडे, अंगणाच्या दाराकडे, ओढायला लागली. पाय इंच इंच सरकत होता. तोंडातून आवाज येऊ नये म्हणून तिने पांघरुणाचं टोक दातांत धरलं होतं.

काळ्या चौकोनाच्या कडेबाहेर, फरशीवर, एका सपातेचं टोक होतं.

ते हलत नव्हतं. धाकट्याने डोळे न मिटता बघितलं, ते मुळीच हलत नव्हतं. जुनी सपात पडली असेल कपाटातून, मावशींनी आणली असेल. त्याच्या चष्म्याच्या काचेवर वाफ धरली. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. आता भिंतीवर चौकोनाच्या कडेतून चार बोटं बाहेर आलेली होती, नखांपासून मधल्या पेरापर्यंत, भिंतीला घट्ट दाबलेली. ती हलत नव्हती. सपातेच्या मागे घोटा होता, आणि सपात पलंगाच्या पायापाशी होती.

आईचा पाय कडेला पोचला होता. अजून थोडा वेळ मिळाला असता तर ती खाली उतरली असती. आधी कळलं असतं तर.

धाकट्याचा अंगठा पडद्यावर टेकला. झाकण काढायचं बटण आणि झाकण वाढवायची कड एकमेकांना लागूनच असतात. त्याने कड धरली. बोटं झाकली, सपात झाकली. कड पुढे ओढली. पलंगाचा पाया, पांघरूण, पाय ओढणारे आईचे दोन हात, तिची पाठ. कड पडद्याच्या टोकाला लागली तेव्हा सगळं चित्र काळं होतं आणि वर हिरव्या अक्षरांत लिहून आलं होतं: कुठेही हालचाल नाही.

खाली लोडचा आकडा होता, तोच त्याने आधी बघितला. झाकलेल्या चित्रात उलगडायला काही नव्हतं, आकडा शून्यावर यायला हवा होता. आकडा चढत होता. बघता बघता तो निम्म्यावर गेला, मग नव्वदवर, मग शंभरला टेकला आणि तिथेच थांबला.

कानातल्या तारेतून पलंग करकरल्याचा आवाज आला, आणि त्यावर आईचा, एकच शब्द, त्याचं घरातलं नाव. तेवढ्यात अडगळीच्या खोलीतलं विमान उडालं. पंखा असा काही घोंघावू लागला की तो आवाज घरभर भरला, कॅमेऱ्यातून, तारेतून, त्याच्या कानापर्यंत आला. त्यात बाकीचं काहीच ऐकू येईना. धाकटा जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला आणि आवाज आणखी मोठा केला, आणि त्याला बरं वाटलं.